मेथी निवडताना

आई आणि मावशी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या. मी पाणी प्यायला आत गेलो आणि दोघी एकदम गप्प झाल्या. हात तेवढे भराभर चालू लागले. मावशीने तर चांगली पानंही देठांत टाकली.

गांजापायी डोकं फिरलं होतं तेव्हा मला वाटायचं, सगळे माझ्याबद्दलच बोलतात. तो भ्रम होता, हे औषधं सुरू झाल्यावर कळलं. आता मी बरा आहे, आणि आता मात्र लोक खरोखरच माझ्याबद्दल बोलतात. मग खऱ्या संशयावर गोळी कशाला? डॉक्टर म्हणतात, "मनानंच बंद करू नका, हळूहळू कमी करता येते का बघू." पण गोळी सोडावी असं वाटतंय ते मला, की त्या जुन्या संशयालाच पुन्हा घरात शिरायचंय?

"माझंच चाललं होतं ना?" मी विचारलं.

"छे रे! मेथी किती जून निघाली, ते बोलत होतो," मावशी म्हणाली.

आईने हातातली काडी खाली ठेवली. "हो, तुझंच. तू गोळ्या सोडशील अशी भीती वाटते मला."

म्हणजे मला वाटलं ते खरंच होतं. मावशीच्या 'छे'वर मी आजची गोळी टाकून दिली असती. आईच्या 'हो'वर घेतली.