अर्धा प्याला

द्राक्षाच्या रसाचा वास आला की खडकीचं चर्च आठवतं. घरी नुकतीच केबल आली होती आणि त्यावरून त्या रविवारी सकाळी वडील आईवर खूप ओरडले होते. प्रभुभोजनाचं, द्राक्षरसाच्या प्याल्यांचं तबक आमच्या बाकापाशी आलं, तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली. भांडून आलेल्या माणसाने प्याल्याला हात लावायचा नाही, असं ते मानायचे. आईने आपला इवलासा प्याला अर्धा पिऊन त्यांच्यापुढे धरला. “घ्या. तुम्ही निर्दोष व्हायची वाट बघत बसलं तर रस आंबेल.” वडील खाली मान घालून प्यायले. आता हिंजवडीच्या चर्चमध्ये, नवऱ्याशी भांडून आलेल्या रविवारी, मीही तबक पुढे जाऊ देते आणि त्याच्या हाताकडे बघत राहते. तो आपला प्याला शेवटच्या थेंबापर्यंत पितो.