वाचल्याची खूण

अक्काला ऐकू येत नाही. जन्मापासून नव्हे, धाकटी मुलगी झाल्यावर तिला मोठा ताप आला आणि त्यात दोन्ही कान गेले. बोलते मात्र पहिल्यासारखी, आणि समोरच्याचे ओठ बघून बरंचसं समजून घेते. तिचं सासर वेल्ह्याच्या पुढं, डोंगराला टेकलेल्या एका वाडीत. मी उत्रोलीत राहते, भोरला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. फोनवर बोलणं शक्य नाही, म्हणून मीच तिला मेसेज लिहायला शिकवलं. मेसेज पोचला की दोन टिका दिसतात आणि समोरच्यानं वाचला की त्या भरीव होतात, हेही मीच समजावलं.

मग ती रोज लिहायला लागली. म्हैस आटली, जाऊबाई रुसल्यात, पावट्याला कीड लागली. टिका भरल्या आणि माझं उत्तर गेलं नाही की लगेच दुसरा मेसेज यायचा, "वाचलंस ना? मग गप का?" शाळेत प्रवेशाची गर्दी होती. दाखल्यांसाठी खिडकीत माणसं ताटकळलेली, आणि एका दिवसात तिचे सात मेसेज. जेवणाच्या सुट्टीत मी मोबाईलचं सेटिंग उघडलं आणि वाचल्याची खूण पाठवायचं बटण बंद केलं. आता मी वाचलं तरी तिला कळणार नव्हतं. त्या दिवशी डबा मी निवांत खाल्ला.

त्यानंतर मी रविवारी एकदाच लिहायचे. "कामात होते. आम्ही बरे आहोत." तिनं लिहिलेल्या कशाचाच त्यात उल्लेख नसायचा. वाचत मात्र मी सगळं होते.

गौरींना तिच्याकडं गेले. अक्का आत होती. अंगणातच तिच्या जाऊबाईंनी मला गाठलं.

"तुमच्या बहिणीला जरा सांगा की. रोज खिंडीत चढून जाती, मोबाईल घिऊन. लई निसरडं झालंय. परवा पडली, गुडघा फुटला तिचा."

मी आत जाऊन अक्काला विचारलं, खिंडीत कशाला जातेस?

"तुला माझे मेसेज दिसत न्हाईत ना! हितली रेंज कमी पडत असंल, म्हणून वर जाऊन पाठवते. तरी टिका भरतच न्हाईत." तिनं दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल माझ्या हातात दिला. "बघ गं, काय बिघडलंय त्याचं."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी तिचा मोबाईल घेऊन उगाच इकडंतिकडं बोटं फिरवत बसले. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. शेवटी म्हणाली, "वरच जाऊन बघू." मी नको म्हणेपर्यंत तिनं चपला घातल्या.

गुडघ्याला फडकं बांधलेलं, तरी चढताना ती पुढं आणि मी मागं. खिंडीत पोचल्यावर मी पाठ फिरवली आणि माझ्या मोबाईलमधलं बटण चालू केलं. "आता पाठव," म्हटलं. तिनं लिहिलं, "आला का?" मी उघडला. टिका भरल्या.

"झाला की गं दुरुस्त!" तिनं माझे दोन्ही हात धरले. मग पडद्यावर बोट फिरवत म्हणाली, "पण मागचे तसेच राहिले. म्हणजे तू ते वाचलेच न्हाईस?"

मी मान हलवली. नाही.

उतरताना तिनं ते सगळे मेसेज मला तोंडानं सांगितले. रोपं वाहून गेली, पुन्हा टाकली. दाजींच्या पायाला काटा लागून पू झाला. मी प्रत्येक वेळी नवं ऐकल्यासारखं "होय?" म्हणत होते. मग ती थांबली.

"आणि एक सांगायचं होतं. एका सकाळी मला कोंबडा ऐकू आला. उजव्या कानात. अगदी बारीक. दुसऱ्या दिवशी वाट बघितली, पुन्हा न्हाई आला. घरात कुणाला बोलले न्हाई, हसत्याल म्हणून. तुला तेवढं लिहिलं."

तो मेसेज मी एसटीत, नसरापूरच्या स्टँडवर वाचला होता. रविवारी सवडीनं लिहू, असं ठरवलं होतं. रविवारी पाहुणे आले.

घरी येऊन अक्कानं सगळ्यांना सांगितलं, माझ्या बहिणीनं मोबाईल नीट केला. जाऊबाईंनी मला चहा दिला, वर त्यांचाही मोबाईल बघायला दिला.

पुढच्याच आठवड्यात मी तिला पुण्याला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. तपासण्या झाल्या. नस गेलेली आहे, कधीकधी असा भास होतो, असं ते म्हणाले. अक्कानं ओठांवरून ते ओळखलं आणि माझ्याआधी उठून उभी राहिली.

भाऊबीजेनंतर ती माझ्याकडं चार दिवस राहायला आली. एका सकाळी ती चुलीपाशी माझ्याकडं पाठ करून आमटी ढवळत होती. मी मोठ्यानं म्हटलं, "अक्का, मी सगळं वाचलं होतं. कोंबड्याचंसुद्धा. खूण मीच बंद केली होती."

तिला काहीतरी जाणवलं असावं. ती वळली. "काय म्हणालीस?" आणि माझ्या ओठांकडं बघत थांबली.

"मीठ कमी वाटतंय," मी म्हणाले.