खालांचा दुपट्टा आणि दोन कॅमेरे

गेल्या हिवाळ्यात माझा उजवा खांदा आखडला. आधी नुसती वेणी घालताना कळ यायची. मग वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. आणि एका रविवारी कॅमेरा डोळ्याला लावायला गेले, तर हात छातीपाशीच थांबला. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी विचारलं, रोज काय उचलता? पुढच्या वेळी मी कॅमेऱ्याची पिशवीच त्यांना दाखवायला नेली. त्यांनी ती उचलली, लगेच खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मैम, ये तो सिलेंडर है."

पिशवीत एक भलामोठा डीएसएलआर, जवळून फुलं टिपायची मॅक्रो लेन्स, एक मधली झूम आणि पक्ष्यांसाठी घेतलेली हातभर लांबीची टेलिफोटो. मी वनस्पतिशास्त्राची माणूस. साताऱ्याहून इथे उत्तरेत एका संशोधन संस्थेत आले त्याला सतरा वर्षं झाली. नवरा बँकेत आहे, तोही साताऱ्याकडचाच. अलीगंजमधल्या आमच्या घरात आम्ही दोघं मराठी बोलतो आणि सोळा वर्षांची मुलगी हिंदीत उत्तर देते. परक्या गावात रविवार कसे काढायचे हा प्रश्न माझ्यापुरता या पिशवीने सोडवला होता.

"एखादा छोटा कॅमेरा घे ना," नवरा म्हणाला. "खिशात मावेल असा. आजकाल चांगले निघालेत."

त्याने सहज म्हटलं, पण माझी झोपमोड झाली. म्हणजे झोप येत होती, पण जाग आली की पहिला विचार सेन्सरचा, कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पट्टीचा. छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा, माझ्या जुन्याचा बिस्किटाएवढा. छोट्याची लेन्स अंगालाच चिकटलेली, बदलायची सोय नाही. पण तो सदैव बरोबर राहील. पण अंधाऱ्या खोलीत फोटोत रव्यासारखे ठिपके येतील. पण मान दुखणार नाही. जेवणाच्या सुटीत मी मोबाइलवर तुलनेचे व्हिडिओ बघायची आणि डबा तसाच राहायचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक लेन्स ठेवून वजन लिहून काढलं. मुलगी बघत होती. "आई, आप शॉपिंग कर रही हो या रिसर्च?"

शेवटी संस्थेतल्या एका सहकाऱ्याने त्याचा छोटा कॅमेरा महिनाभर वापरायला दिला. तो मी कोटाच्या खिशात टाकला. पहिले चार दिवस अगदी उधळल्यासारखे गेले. रिक्षातून, भाजीच्या गाड्यापाशी, लिफ्टच्या आरशात, जिथे तिथे फोटो. कुणी वळूनही बघेना. मोठा कॅमेरा काढला की लोक एक तर तोंड फिरवतात नाही तर दात दाखवतात, तसलं काही नाही. मी नवऱ्याला सांगून टाकलं, "सगळं विकूया."

त्याच आठवड्यात खालांनी निरोप पाठवला.

खाला, म्हणजे मावशी; सगळे त्यांना तसंच म्हणतात. आमच्या मागच्या गल्लीत राहतात. सत्तरीच्या आसपास असतील. आयुष्यभर चिकनचं भरतकाम केलं, दुकानदारांच्या कापडावर, त्यांनी छापून दिलेल्या नक्षीवर. माझ्या साडीला त्यांनी एकदा फॉल लावून दिला, तेव्हापासून ओळख. आता बारीक कामाला डोळे साथ देईनासे झाले होते, पण त्याआधी त्यांनी एक दुपट्टा स्वतःसाठी, म्हणजे स्वतःच्या मनाने काढलेल्या नक्षीचा, भरून पुरा केला होता. पांढऱ्या मलमलीवर पांढरा दोरा. नातीच्या लग्नासाठी. लग्न बहराइचला होतं आणि पंधरा दिवसांनी दुपट्टा जाणार होता.

"बिटिया, जाने से पहले एक फोटो खींच दो," त्या म्हणाल्या. "मेरा और इसका, साथ में. फिर ये मेरे पास कहाँ रहेगा."

मी गेले ती खिशात छोटा कॅमेरा घेऊन. खाला नाहून, सुरमा घालून तयार बसल्या होत्या. दुपट्टा डोक्यावरून पुढे घेतलेला, दोन्ही पदर मांडीवर नीट पसरलेले. मी खिशातून कॅमेरा काढला तेव्हा त्या माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मग माझ्या मागे, दाराशी. जणू बाकीचं सामान यायचं होतं.

"बड़ा वाला नहीं लाईं?"

"खाला, ये भी बहुत अच्छा है," मी म्हटलं आणि माझाच आवाज मला सेल्समनसारखा वाटला.

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि दोन्ही पदर पुन्हा सारखे केले. मी पटापट वीस-पंचवीस फोटो काढले. एकदा त्यांनी पदराचा सुटलेला धागा दातांनी तोडला, तोही क्षण मिळाला. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. खूश होऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी मोठी प्रिंट काढून त्यांना नेऊन दिली.

खालांनी प्रिंट डोळ्यांपाशी धरली, मग उजेडात नेली. 

"चेहरा तो ठीक है, बिटिया. मगर मेरा काम कहाँ है?"

मी वाकून पाहिलं. दुपट्ट्याच्या जागी एक पांढरा ढग होता. एकही टाका दिसत नव्हता. दारातून येणारं ऊन त्या मलमलीवर पडलेलं आणि कॅमेऱ्याने सगळी नक्षी गिळून टाकलेली. दोष एकट्या कॅमेऱ्याचा नव्हता. उजेड कमी घ्यायला हवा होता, मी चेहऱ्याच्या नादात होते. पण काही करून बघावं म्हणून नंतर घरी फाइल संगणकावर उघडली, तर त्या पांढऱ्यात परत मिळवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"इसे बनाने में आठ महीने लगे," खाला म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. मला मात्र शाळेत वहीत पान कोरं सोडलेलं बाईंना सापडावं तसं झालं.

नंतरचा आठवडा वाईट गेला. बुधवार आला, दुपट्टा जायला सहाच दिवस उरले. मोठा कॅमेरा न्यायचा तर खांद्याचं काय, आणि नाही न्यायचा तर खालांचं काय. फिजिओवाल्या बाईंना विचारायची हिंमत झाली नाही. शुक्रवारी मी सरळ पिशवी उघडून मॅक्रो लेन्स पुसायला घेतली. नवरा दारात येऊन उभा राहिला.

"अगं, मग हात धरून बसलीस की मला सांगू नकोस."

"सांगेन," मी म्हटलं. "तुलाच सांगेन, दुसरं कोण आहे?"

रविवारी मुलगी ट्रायपॉड घेऊन बरोबर आली. पण खालांच्या खोलीत दोन खाटा, एक शिवणयंत्र आणि पत्र्याची पेटी. ट्रायपॉडचे पाय पसरायलाच जागा नव्हती. खालांना हलवावं तर उजेड जात होता. हवा होता तो बाजूने येणारा, दाराच्या पडद्यातून गाळून आलेला उजेड. त्यात प्रत्येक टाक्याची छोटीशी सावली पडते. मी कॅमेरा उचलला आणि हात अर्ध्यातच अडला. पुन्हा उचलला. पुन्हा तेच. खाला तशाच बसून होत्या, पाठ ताठ, हनुवटी वर.

"आई, मेरे कंधे पे रखो," मुलगी म्हणाली आणि माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. मी लेन्स तिच्या खांद्यावर टेकवली. तिचे केस बाजूला केले.

"श्वास रोख."

"रोक ली. जल्दी करो ना."

पाच-सहा वेळा असं झालं. ती श्वास रोखायची, मी बटण दाबायची, मग दोघी सुस्कारा टाकायचो. शेवटी शेवटी तिला हसू यायला लागलं आणि लेन्स हलायला लागली. खाला मात्र हसल्या नाहीत. त्यांना हसरा फोटो नकोच होता. पहिल्या खेपेचा, धागा तोडतानाचा चेहरा मला आवडलेला, तो त्यांना पोरकट वाटला होता, हे मला नंतर कळलं.

या खेपेला प्रिंट हातात घेतल्यावर खालांनी बोटाने नक्षीच्या कडेकडेने प्रवास केला. "ये मुर्री," त्या माझ्या मुलीला सांगायला लागल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या एका टाक्यावर नख ठेवून. "ये जाली. और ये देखो, यहाँ मैंने ग़लती की थी." ती चूकही फोटोत आली होती. ती दाखवताना त्या सगळ्यात जास्त आनंदात होत्या.

मंगळवारी दुपट्टा गेला. त्याच दिवशी माझा हात पार जाम झाला. तीन आठवड्यांची फिजिओथेरपी पाण्यात गेली, बाई माझ्याशी चांगल्याच तोडून बोलल्या. घरी मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नुसती फिरत होते. खालांचा फोटो बघितला की वाटायचं, मोठा कॅमेरा काही झालं तरी जाऊ द्यायचा नाही. चहाचा कप डाव्या हाताने उचलला की वाटायचं, कुणाला हौस आहे?

सहकाऱ्याचा कॅमेरा परत केला आणि दोन दिवसांत तसाच एक नवा घेऊन आले. मोठा कॅमेरा आणि मॅक्रो कपाटात ठेवली, वर्षाकाठी चार वेळा का होईना, लागेल म्हणून. टेलिफोटोला मात्र गिऱ्हाईक शोधलं. कानपूरचा एक तरुण डॉक्टर चारबाग स्टेशनला गाडीने येऊन घेऊन जाणार होता. ती लेन्स उचलून मी पाणथळ जागी पहाटे सारसांची जोडी टिपली होती, पण तो हात आता माझा नव्हता.

स्टेशनसमोर, हमाल आणि ऑटोंच्या गर्दीत, त्याने लेन्स आपल्या कॅमेऱ्याला लावली आणि स्टेशनच्या घुमटांवर बसलेल्या कबुतरांवर रोखली. फोकस होताना लेन्स बारीक गुरगुरते, तो आवाज मी पाच फुटांवरून ओळखला.

"मैम, कोई प्रॉब्लम तो नहीं है इसमें?"

"थोडं... थोड़ा आगे फोकस करती है," मी म्हटलं. "किनारे थोड़े धुंधले आते हैं, ध्यान रखना. और सुबह ठंड में पहले पाँच मिनट बाहर रहने देना."

तो मान डोलावत होता आणि मी सांगतच होते. पुसायचं कापड कोणतं, झाकण कुठे सैल आहे, खांद्याला पट्टा कसा घ्यायचा. त्याची परतीची गाडी लागल्याची घोषणा झाली. तो निघाला, तर मी त्याच्या बरोबर दहा पावलं चालत गेले, काहीतरी राहिलंय असं वाटून. काही राहिलं नव्हतं. तो गर्दीत शिरला. मी तिथेच उभी राहिले, मग छोटा कॅमेरा काढला, खिशात ठेवला, पुन्हा काढला. कशाचाच फोटो घेतला नाही. एक ऑटोवाला विचारत होता कुठे जायचं, मी अलीगंज सांगितलं आणि आत बसताना सवयीने पिशवीसाठी शेजारी जागा सोडली.