अठ्ठाविसाव्या मिनिटाच्या ओळी

माझ्या खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत एका माहितीपटाच्या अडतीस सीड्या पडून होत्या. मासे विकणाऱ्या आमच्याकडच्या बायकांवरचा, बावन्न मिनिटांचा माहितीपट. पुण्याच्या एका बाईंनी तो स्वतःच्या हिमतीवर केला, स्वतःच त्याच्या सीड्या काढल्या, आणि पुस्तक प्रदर्शनांतून, महिला मंडळांतून, टपालाने त्या लोकांच्या घरी पोचवल्या. थिएटरात तो कधी लागला नाही. ज्यांनी पाहिला त्यांनी आपल्या घरच्या टीव्हीवर पाहिला, आणि खाली उमटणाऱ्या ओळी वाचत पाहिला, कारण त्यातल्या बायका मालवणीत बोलतात. त्या ओळी मी लिहिल्या. अठ्ठाविसाव्या मिनिटाला एक बाई चार वाक्यं बोलते. तिथे मी खोटं लिहिलं.

ती बाई कोण, आणि मी खोटं का लिहिलं, हे सांगायला आधी अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात जावं लागेल.

आमची वाडी मालवण आणि तारकर्लीच्या मधली. मी शाळामास्तर. माझा थोरला भाऊ होडीवाला. वडील गेल्यावर त्याने शाळा सोडली, दर्या धरला आणि मला शिकवलं. त्याच्या होडीवर एक तांडेल होता, म्हणजे होडी चालवणारा मुख्य माणूस. कमी बोलणारा. त्याच्याइतका दर्या ओळखणारं वाडीत दुसरं कुणी नव्हतं. पावसाळ्यात होड्या माडाच्या झापांखाली झाकलेल्या असतात. नारळी पुनवेला मालवणच्या बंदरावर दर्याला नारळ दिला जातो आणि त्यानंतरच होड्या पाण्यात जातात. त्याआधी जाणं म्हणजे दर्याला न विचारता त्याच्या घरात शिरणं, असं आमच्याकडे मानतात.

त्या वर्षी पुनवेला चार दिवस होते. दोन दिवस ऊन पडलं होतं, दर्या निवल्यासारखा दिसत होता. सकाळी मी पडवीत चहा घेत बसलो होतो. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, भाऊ तांडेलाला होडी काढायला सांगत होता. तांडेल म्हणाला, "नारळ पडांदे. चार दिसांचो तर प्रश्न आसा."

भाऊ हसला आणि म्हणाला, "भंय वाटता तर घराक जा. बायलांची पाटी घे डोक्यार, नि बांगडे इकूक बस बाजारात."

बाकीचे तिघे खलाशी हसले. तांडेलाने खांद्यावरचा पंचा झटकला आणि होडीकडे गेला. मी चहा संपवला.

दुपारनंतर वारं फिरलं. होडी उलटली. तिघे पोहत किनाऱ्याला लागले, तांडेल आला नाही. संध्याकाळी खळ्यात सगळी वाडी जमली तेव्हा भावाने सांगितलं की तांडेल न विचारता होडी घेऊन गेला. ते तिघे काही बोलले नाहीत, त्यांना त्याच होडीवर पोट भरायचं होतं. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मास्तरांनी मान हलवली म्हणजे वाडीच्या दृष्टीने विषय संपला.

त्या दिवसापासून त्या माणसाचं नाव पडलं 'उतावळो'. नारळ पडायच्या आधी गेलेला. त्याच्या बायकोने पाटी घेऊन मालवणच्या बाजारात बसायला सुरुवात केली तेव्हा ती 'उतावळ्याची बायल' झाली आणि मुलगी 'उतावळ्याचां चेडू'. खरं काय ते वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी नाव तेच राहिलं.

मी निवृत्त झाल्यावर, दोन हजार चार साली, पुण्याच्या त्या बाई आल्या. तारकर्लीला एका घरी उतरल्या होत्या. हातात मावेल एवढा कॅमेरा आणि बरोबर कुणी नाही. बायकांची ओळख करून द्यायला त्यांना माणूस हवा होता, लोकांनी माझं नाव सांगितलं. त्या मला काका म्हणत. मी त्यांच्याबरोबर बाजारात, किनाऱ्यावर, सुक्या मासळीच्या अंगणात फिरलो. चार दिवस मला ताप होता, तेवढे दिवस त्या एकट्याच फिरल्या. त्या चार दिवसांतच त्यांनी तांडेलाच्या बायकोला गाठलं होतं.

पुढच्या वर्षी सगळं जोडून त्या परत आल्या. बोलण्याखाली प्रमाण मराठीत ओळी द्यायच्या होत्या. आम्ही माझ्या पडवीत बसलो. त्या छोट्या पडद्यावर तुकडा दाखवायच्या, मी वहीत ओळ लिहायचो. हे काम मला नवीन नव्हतं. पस्तीस वर्षं मी वाडीचे अर्ज लिहीत आलो होतो. माणूस समोर बसून सांगायचा 'बापूस मेलो', मी लिहायचो 'वडिलांचे निधन झाले'. तो रडायचा, शिव्या द्यायचा; कागदावर सगळं शांत आणि स्वच्छ उतरायचं. लोक तो कागद हातात धरून कौतुकाने बघायचे. लोकांचं बोलणं आपण सुधारून देतो, असंच मला वाटायचं. त्या सवयीने माझा घात केला असं म्हणायला मला आवडेल, पण ते पूर्ण खरं नाही.

मग तांडेलाच्या बायकोचा तुकडा लागला. खारवलेले मासे पालथे करत ती बोलत होती. वारा माईकवर आपटत होता, आवाज खाली गेलेला. ती म्हणाली:

"माझो घोव आपल्या मनान गेलो नाय. नारळ पडाक नव्हतो, तो नको म्हणत होतो. तेका धाडल्यानी. कोणी धाडल्यानी तां अख्ख्या वाडीक म्हायत आसा."

माझा नवरा आपण होऊन गेला नाही. नारळ पडला नव्हता, तो नको म्हणत होता. त्याला पाठवलं. कुणी पाठवलं ते सगळ्या वाडीला माहीत आहे.

पुण्याच्या बाईंनी तुकडा थांबवला आणि विचारलं, "काका, इथे 'गेलो नाय' असं काही म्हणाल्या का त्या? आवाज एकदम बदललाय."

मी म्हटलं, तो गेलाय हे मन मानत नाही, असं म्हणतेय. आणि वहीत लिहिलं: 'ते गेले, ते आले नाहीत. समुद्रानं आपलं माणूस नेलं. आमचा कुणावर राग नाही.' बाईंनी ते वाचलं. किती मोठं मन, म्हणाल्या. घरात आतल्या खोलीत भाऊ दुपारचा झोपला होता.

सहा साली सीड्या तयार होऊन आल्या. वेष्टनावर तिचाच फोटो होता, डोक्यावर पाटी घेतलेला. ती वेष्टनं आम्ही माझ्याच पडवीत घडी घालून डब्यांत सरकवली. एक रविवार ठरवून आमच्या घरच्या टीव्हीवर वाडीला ती सीडी दाखवली. बायका जमिनीवर, पुरुष दारात. आपापली माणसं दिसली की हशा, टोमणे. "गो, टीव्हीत बारीक दिसतंस," असं कुणीतरी एकीला म्हटलं.

अठ्ठाविसावं मिनिट आलं. तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ओळी वाचायची आमच्यात कुणाला गरजच नव्हती. ती मात्र उठली, टीव्हीजवळ गेली, आणि आपल्या चेहऱ्याखालच्या अक्षरांवर बोट ठेवून मला विचारलं, "हीच ती अक्षरां, मास्तरांनू?"

मी होय म्हटलं.

ती वाडीकडे वळून म्हणाली, "बोललेलां वाऱ्यार जाता. ह्यां रवतलां."

तिला वाचता येत नव्हतं, आणि वाचू शकणारी मुलगी सासरी होती. आपल्या माणसाचं खरं कुठेतरी लिहून राहावं एवढीच तिची इच्छा होती, म्हणूनच ती त्या परक्या बाईंच्या कॅमेऱ्यापुढे बोलली होती. वाडीने ऐकून काही होत नाही, हे तिने तोवर सहा वर्षं पाहिलं होतं.

माझ्या भावाने त्या ओळी वाचल्या. तो चौथीपर्यंत शिकला होता. लोक गेल्यावर खुर्ची उचलत तो मला एवढंच म्हणाला, "बरां लिवलंस." आयुष्यात त्याने माझं जे थोडं कौतुक केलं त्यातलं ते एक.

पुढच्या वर्षी कोल्हापूरहून एका महिला मंडळाच्या बायका फोंडाघाट उतरून मालवण बघायला आल्या. त्यांनी ती सीडी पाहिली होती. बाजारात त्यांनी तांडेलाच्या बायकोला ओळखलं, हात हातात घेतले आणि सांगितलं की तुमचं ते वाक्य ऐकून आम्ही रडलो, एवढं होऊनही तुमचा कुणावर राग नाही. पाटी तिथेच शेजारणीच्या हवाली करून ती एसटीने थेट माझ्याकडे आली.

"मास्तरांनू, राग नाय म्हणान मी बोललंय?"

तेव्हा सांगायला हवं होतं. भाऊ माडांना पाणी लावत होता, त्याची पाठ दिसत होती. मी तिला समजावलं की लिहिण्याची भाषा वेगळी असते, अर्थ तोच राहतो, फक्त जरा सौम्य होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या मुलीला मी शिकवलं होतं. तिचा रेशनकार्डाचा अर्ज, मुलीच्या दाखल्याचा अर्ज, सगळं माझ्या हातचं. "तुमका कळता," म्हणाली आणि गेली. त्या दोन शब्दांनी मला नंतर जेवढा त्रास दिला तेवढा कुठल्याच शिवीने दिला नसता.

मग डीव्हीडी निघाली. डीव्हीडीत खालच्या ओळी रिमोटने बंद करता येतात, आणि भाषा बदलता येते. बाईंनी माझ्या मराठीवरून इंग्रजी ओळी करून घेतल्या होत्या. छापायच्या आधी फोनवर विचारलं, काही दुरुस्ती आहे का काका? मी म्हटलं, सगळं ठीक आहे. अशा रीतीने माझं खोटं मला येत नसलेल्या भाषेतही गेलं.

भाऊ नऊ साली गेला. त्याचे दिवस झाल्यावर मी तिच्या घरी गेलो. भाऊ असेपर्यंत मला धीर झाला नाही. तो गेल्यावर झाला, त्याला धीर म्हणावं की नाही मला ठाऊक नाही. ती मागच्या अंगणात सुके बोंबील निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं की तू बोललीस ते मी लिहिलं नाही, मुद्दाम लिहिलं नाही. मग लिहिलं होतं ते वाचून दाखवलं, आणि तिचे शब्दही, मला पाठ झालेले; आता तेच लिहून काढतो म्हणालो.

ती निवडायची थांबली नाही. तिने विचारलं, "त्या दिसा सकाळी तुमी खंय होतास?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

"पडवीत."

"म्हणजे तुमी ऐकलास."

"ऐकलं."

"मगे माझां एकट्याचां कशाक लिवतास? तुमचां पण लिवा," ती म्हणाली. बसायला तिने सांगितलं नाही.

मी पुण्याला सगळं कळवलं. बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "काका, मी त्या ओळी सगळीकडे वाचून दाखवत होते." डीव्हीडी आता पुन्हा निघणार नव्हती, गेलेल्या परत मागवता येत नव्हत्या. हातात राहिल्या होत्या त्या माझ्या पेटीतल्या अडतीस, तारकर्लीच्या पर्यटकांना विकायला म्हणून त्यांनी ठेवलेल्या. पुस्तकात चूक राहिली की शुद्धिपत्र चिकटवतात, तसं करायचं मी ठरवलं.

चिठ्ठी लिहायला मला तीन दिवस लागले. शाळेत मुलांच्या वहीत मालवणी शब्द दिसला की मी लाल रेघ मारायचो. आता तेच शब्द, तिच्या तोंडचे, काना-मात्रा न बदलता कागदावर उतरवायचे होते. हात राहून राहून 'गेला नाही' लिहायला जाई. शेवटी चार वाक्यं उतरली. खाली मी माझी लिहिली: 'त्या सकाळी मी पडवीत होतो. माझ्या भावाने त्यांना पाठवलं ते मी ऐकलं. संध्याकाळी मी खोट्याला मान हलवली. या सीडीतल्या ओळीही मीच खोट्या लिहिल्या.' आणि माझी सही.

ती तिला वाचून दाखवायला मी गेलो. तिने कागद घेतला, पण मला वाचू दिलं नाही. "चेडू येवंदे," म्हणाली. मुलगी रेडीला दिली आहे, जत्रेला माहेरी येते. कागद तिने घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि मला जायला सांगितलं.

मी महिनाभर वाट पाहिली. अडतीस डबे टेबलावर काढून ठेवले होते, अडतीस चिठ्ठ्या लिहून झाल्या होत्या, पण तिच्याकडून काही आल्याशिवाय चिकटवायला हात होईना. जत्रा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मुलगी आमच्या खळ्यात आली. पायरीवर चढली नाही. तिथूनच म्हणाली की आयेने तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"बरोबर आसा म्हणाली. चिकटवा म्हणाली."

ती गेल्यावर मी चिठ्ठ्यांसाठी भाताची खळ केली आणि पडवीत बसून एकेक डबा उघडला.