बसवलेला माणूस

आमच्या समोरच्या खोल्यांत राहणाऱ्या माणसाला सगळे ‘कुलूप’ म्हणत. त्याचा धंदाच तो. जागेवरून दोघांचं भांडण कोर्टात गेलं की एक बाजू याला आणून आत बसवायची. जागा घटकाभरही रिकामी ठेवायची नाही, म्हणजे ताबा आपला. बायकोलाही त्याने या कामाला जुंपलं होतं. हा दूध आणायला गेला की ती दारात, ती नळावर गेली की हा. या वेळी त्याला बसवणाऱ्या शेठने शब्द दिला होता, निकाल लागला की मागची एक खोली तुमच्या नावावर. त्या खोलीवर बाईचा भारी जीव.

माणूस मात्र एक नंबरचा बेरकी. एका म्हाताऱ्या शिंप्याला, “काका, तुम्ही दवाखान्यात जाऊन या, मी बसतो ना,” असं म्हणून त्याने दुकानच लाटलं होतं. म्हातारा परतला तेव्हा आतून कडी. हे तो आम्हाला मांडीवर थाप मारून सांगायचा.

मग त्याची बायको तापाने फणफणली. तिला उठवेना, बोलवेना. मी म्हटलं, “वहिनींना दवाखान्यात न्या. तोवर मी बसतो.”

“तुम्ही बसाल हो. पण उठाल का?”

“बरं, मग आम्ही नवरा-बायको नेतो त्यांना.”

“ती नुसती पडून असली तरी आत माणूस आहे. ती गेल्यावर मी एकटा किती जागू? डोळा लागला तर ते लोक आत घुसतील. शेठ डॉक्टर पाठवतोय.”

डॉक्टर काही आला नाही. ती गेली. तिचा भाऊ तिला स्मशानात घेऊन गेला, पण या गृहस्थाने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही.

त्याच आठवड्यात शेठ आला, तोही विरोधी पार्टीला आपल्याच गाडीत बसवून.

“सामान आवर. आमचं मिटलंय.”

“कधी?”

“झाला की महिना.”

“मला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर तू निघून गेला असतास. सह्या होईपर्यंत कुणीतरी लागतंच ना आत.”

“आणि आमची खोली?”

“सगळंच पाडायचंय रे, खोली कुठली?” शेठ गाडीकडे वळला आणि थांबला. “एक काम कर. पाडणारे उद्या येतील. तोवर बस. उगाच कुणी घुसायला नको.”

तो बसला. मला असा संताप आला की मी आमचं दार लावून घेतलं.