निर्यात मावशी

जनगणनेचे आकडे पेपरात आले, तेव्हा चहाच्या टपरीवर ते मोठ्याने वाचून दाखवायचं काम रिटायर्ड मास्तरांनी आपणहून अंगावर घेतलं. त्यांना दुसरं काम होतं कुठे? जिल्ह्याची लोकसंख्या पुन्हा घटली. म्हातारी माणसं वाढली. शाळेत जाणारी मुलं इतकी कमी झाली, की आता दोन-दोन वर्ग एकाच खोलीत बसवणार. शिक्षणात मात्र आपला जिल्हा वरच्या नंबरात, हे वाचताना मास्तरांची छाती फुगली. शिकलेलं एकही माणूस इथे थांबत नाही, ही गोष्ट त्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकली. मग तो आकडा आला. लग्नाच्या वयाचे पुरुष भरपूर, लग्नाच्या वयाच्या मुली औषधालाही नाहीत. मास्तरांनी पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "याच्याखाली मावशींची सही छापायला हवी होती. निर्यात तर सगळी त्यांनीच केली."

टपरी हसली. हसणाऱ्यांत निम्मे तर तेच होते, ज्यांची लग्नं या निर्यातीमुळे राहिली होती. पण आपल्यावरचा विनोद आपल्यावर आहे हे कळायला जी थोडी बुद्धी लागते, तीही बहुधा मुलींबरोबर जिल्ह्याबाहेर गेली असावी. संध्याकाळपर्यंत 'निर्यात मावशी' हे नाव गावभर झालं.

मावशींच्या कानावर ते गेलं, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. उलट खूश झाल्या. "निर्यात चांगल्या मालाचीच होते," असं म्हणून त्यांनी पदर सारखा केला. मावशी लग्नं जमवायच्या. नवरा गेल्यावर वेळ जात नव्हता म्हणून त्यांनी हे सुरू केलं आणि मग गावाच्या आयुष्यात नाक खुपसायचं लायसन्सच मिळाल्यासारखं झालं. त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतभर लग्नांचे फोटो होते. प्रत्येक फोटोत जोडप्यामागे उंच उंच इमारती. या खोलीत दोन खुर्च्या होत्या, एक मऊ आणि एक कडक. मऊ खुर्ची मुलीच्या आईची, कडक मुलीच्या बापाची. निर्णय कोण घेतं आणि नुसती मान कोण डोलावतं, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं.

एकदा का आई मऊ खुर्चीत टेकली, की मावशी आपलं ठरलेलं वाक्य टाकायच्या. "वहिनी, मुलगी इथे ठेवून काय लोणचं घालायचंय?" बस्स, काम झालं. आईच्या डोळ्यांपुढे शहर उभं राहायचं. बाप कडक खुर्चीत चुळबूळ करत म्हणायचा, "इथलाच एखादा चांगला असेल तर..." त्यावर मावशी अशा बघायच्या, की बिचारा वाक्य अर्ध्यातच सोडून द्यायचा. "इथला मुलगा म्हणजे काय हो? ज्याची बस चुकली तो. जरा धमक असती तर इथे राहिला असता का?"

आणि या आया तरी काय? बसस्टँडवर लेकीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर मजले मोजायला लागायच्या. माझी आठव्या मजल्यावर असते. माझी तर बाराव्या. ज्या बाईने जन्मात स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढला नाही, ती लिफ्टच्या गप्पा मारायची. जावई काय करतो हे विचारलं, तर नीट सांगता यायचं नाही, पण मजला पाठ. पुढे लेकींना मुलं झाली की आयांनाही तिकडून बोलावणं यायचं. त्या नातवंडं सांभाळायला गेल्या की परत यायचं नाव नाही. मागे राहायचे बाप, करपलेलं खात आणि घरातले दिवे लवकर मालवत. ही सगळी मावशींच्या हाताची करणी होती आणि मावशींना तिचा केवढा तो अभिमान.

राहिलेले पुरुष संध्याकाळी ओढ्यावरच्या पुलाच्या कट्ट्यावर बसायचे. केस काळे केलेले, खिशात आपला दहा वर्षांपूर्वीचा फोटो. मावशी दिसल्या की शाळेत साहेब आल्यासारखे उठून उभे राहायचे. "मावशी, आमचंही बघा ना काहीतरी." मावशी चालता चालताच म्हणायच्या, "आधी शहरात नोकरी बघा. मुलगी मग मी बघते." त्यांना धड चिडताही येत नव्हतं. ते पुन्हा बसायचे.

आता या कट्ट्यावर न बसणारा एक जण होता, मावशींचा स्वतःचा मुलगा. घराला लागूनच पत्र्याची शेड होती, तिथे तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. कमी बोलणारा, हाताला कायम ग्रीस, वयाची तिशी कधीच मागे पडलेली. मावशींना त्याची काळजी नव्हती. साऱ्या जिल्ह्याची लग्नं जमवणाऱ्या बाईच्या मुलाला मुलगी मिळणार नाही, हे कसं होईल? मावशींना घरात सून हवी होती, पाळणा हलायला हवा होता, म्हातारपणी आपल्या हाताखाली कोणीतरी वावरायला हवं होतं. रात्री पडल्या पडल्या त्या त्याचीच स्वप्नं बघायच्या. पण ते सवडीने. आधी लोकांचं उरकू दे, मग घरचं, असं त्या म्हणायच्या. त्याला लोक मोठेपणा म्हणायचे. खरं सांगायचं तर लोकांच्या घरात मिरवायला मिळतं तसं आपल्या घरात मिळत नाही, एवढंच ते कारण होतं.

तर त्या दिवशी 'निर्यात मावशी' हे नाव घेऊन आलेल्या शेजारणीनेच पुढची काडी टाकली. "पण सगळ्या कुठे गेल्या? टेलरची मुलगी आहेच की अजून."

मावशींना ते लागलं. टेलरची मुलगी बाजारपेठेतल्या रस्त्यावर बापाचं दुकान चालवायची. बापाला सुईत दोरा ओवता येईना, म्हणून हिने मशीनचा ताबा घेतला आणि बापापेक्षा बरं शिवायला लागली. शांत मुलगी, हसली की डोळ्यांपर्यंत हसायची. मावशींचा मुलगा दर आठवड्याला तिचं मशीन दुरुस्त करायला जायचा. तेलाची कुपी घेऊन जायचा, मशीन आडवं करायचा, आत डोकावायचा, पुन्हा उभं करायचा. टेलर रेडिओला कान लावून बसायचा आणि मुद्दाम त्या दोघांकडे पाठ करायचा. सगळ्या बाजाराला कळलं होतं. किराणावाल्याला कळलं होतं, पोस्टमनला कळलं होतं, ज्याला सकाळी स्वतःचा चष्मा सापडत नाही त्या मास्तरांनाही कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त मावशींना, ज्या नुसता फोटो बघून कुठल्याही मुलाचा स्वभाव सांगायच्या. "एवढं सारखं बिघडतं तर भंगारात घाला म्हणावं ते मशीन," असं त्या आपल्या मुलाला म्हणायच्या. तो म्हणायचा, "जुनं आहे. चालतंय." जुन्या मशीनसाठी माणूस अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून जात नाही, एवढं कळायला काय जनगणना लागते?

मावशी कामाला लागल्या. दोन फोन केले, एक मोठ्या शहरातला मुलगा हुडकला, नोकरी पक्की, मजला चौदावा. टेलरला जाऊन सांगितलं. टेलर म्हणाला, "पोरीला विचारून सांगतो." यात विचारायचं काय, हे मावशींना समजेना.

दोन दिवसांनी मुलगी स्वतः आली. मावशींनी शिवायला टाकलेले उशांचे अभ्रे तिच्या हातात होते. मावशींनी तिला मऊ खुर्चीत बसवलं. शेडकडची खिडकी उघडी होती आणि पलीकडे मावशींचा मुलगा पंप उघडून बसला होता, हे मावशींच्या ध्यानातही नव्हतं. मुलीच्या मात्र होतं. ती त्या खिडकीकडे बघूनच बसली होती.

"मावशी," ती म्हणाली, "मला लांब जायचं नाही. बाबांना सोडून कुठे जाऊ? इथलाच कोणी असेल तर बघा ना."

मावशी हसल्या. तेच ते हसणं, जे बापांसाठी राखून ठेवलेलं असायचं. "अगं वेडे, इथला? इथे राहिलंय कोण? गाळ राहिलाय नुसता. एकेकाचं तोंड बघ. ना शिक्षण, ना नोकरी, ना बोलायची अक्कल. आयुष्यभर ग्रीसचे हात घेऊन फिरणारे. अशाच्या गळ्यात माळ घालून तू काय मिळवणार?"

मुलीने सरळ विचारलं, "सगळेच तसे आहेत, मावशी?"

हा प्रश्न कोणाबद्दल होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मावशी तर त्यातल्या तज्ज्ञ. पण त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त चौदावा मजला होता. "सगळेच," त्या ठामपणे म्हणाल्या. "झाडून सगळे. तुला इथे राहून काय लोणचं घालून घ्यायचंय स्वतःचं?"

शेडमधला हातोडीचा आवाज थांबला होता. मुलीने खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून कोणी बोललं नाही. त्याने बोलायला हवं होतं, हे खरं. पण ज्याच्या आईने त्याला एका वाक्यात गाळ ठरवलं, त्याने त्या वाक्यापुढे काय बोलावं? मुलगी उठली, अभ्रे टेबलावर नीट घडी करून ठेवले आणि म्हणाली, "बरं. बाबांना सोबत न्यायची तयारी असेल तर हो म्हणून कळवा."

शहरातल्या मुलाकडचे तयार होते. लग्न झालं, टेलर आणि त्याची मुलगी बसमध्ये बसून गेले, दुकानाला कुलूप लागलं. मावशींनी फोटो भिंतीवर टांगला आणि आठवडाभर लोकांना सांगत सुटल्या, की शेवटची होती तीही काढली. जणू दुखरी दाढच काढली.

मग एकदाची सवड झाली. मावशींनी मुलासाठी मुलगी बघायला घेतली. आधी आपल्या नेहमीच्या माणसांना फोन केले. त्यांनी मुलाची माहिती विचारली, मावशींनी सांगितली, आणि पलीकडून आवाज एकदम गोड झाला. "कळवतो हं." हा गोडवा मावशींनी स्वतः हजारदा वापरला होता. तरीही त्यांनी फोनवर राग काढला, रेंज नाही म्हणाल्या, लोक बदलले म्हणाल्या.

शेवटी त्या किराणावाल्याच्या बायकोकडे गेल्या. तिची मोठी मुलगी मावशींनीच नवव्या मजल्यावर पोचवली होती आणि धाकटीचं शिक्षण नुकतंच संपलं होतं. इथे आपला हक्क आहे, असं मावशींना वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या दुसऱ्याच्या घरात कडक खुर्चीवर बसल्या.

"धाकटीसाठी एक आहे बघा," त्या म्हणाल्या. "मुलगा सालस. निर्व्यसनी. स्वतःचा धंदा आहे."

"कुठला?"

"इथलाच."

किराणावाल्याची बायको पोट धरून हसली. मावशी थट्टा करताहेत असं तिला खरंच वाटलं. "काय हो मावशी, परीक्षा घेताय का माझी? तुम्हीच नाही का म्हणाला होतात, मुलगी इथे ठेवून काय लोणचं घालायचंय?" मग डोळे पुसत तिने विचारलं, "पण आहे तरी कोण तो?"

"असंच. आहे एक," मावशी म्हणाल्या. मुलाचं नाव त्यांच्या तोंडातून निघालं नाही. चहा अर्धा टाकून त्या उठल्या.

वाटेत पुलाच्या कट्ट्यावरचे सगळे सवयीने उभे राहिले. त्या दिवशी मावशींनी कोणाकडे मान वर करून पाहिलं नाही. घरी आल्या आणि सरळ शेडमध्ये गेल्या. मुलाला चार शब्द सुनवायचेच होते, की जरा नीट राहा, हात धुवत जा, लोकांना काय सांगू मी. शेडच्या मधोमध, सगळे पंप बाजूला सारून, टेलरचं शिवणाचं मशीन ठेवलेलं होतं. पुसून लख्ख केलेलं, नवा पट्टा घातलेला. मुलगा त्याच्या चाकाला तेल देत होता.

"हे कुठून आणलंस?"

"ती देऊन गेली."

"इथे आता शिवणार कोण? विकून तरी टाक." मावशींनी चाकाला हात लावून बघितला. ते अगदी हलकं फिरलं. "काय झालंय काय याला? काय बिघडलंय?"

मुलाने कुपीचं टोपण लावलं. "काही नाही," तो म्हणाला. "कधीच काही बिघडलं नव्हतं."

मावशींना ते समजायला वेळ लागला. चाक अजून फिरतच होतं. मग त्यांनी मुलाच्या धुतलेल्या शर्टाकडे पाहिलं, शेडच्या उघड्या खिडकीकडे पाहिलं, त्या खिडकीतून दिसणाऱ्या मऊ खुर्चीकडे पाहिलं आणि तिथेच पंपाच्या खोक्यावर खाली बसल्या. मुलगा दिवा मालवून जेवायला आत गेला.