वरच्यानं थुंकलं की खालचा पितो!

आम्ही तिघं शिक्षक दर शनिवारी वेगवेगळ्या शाळांत पाणी शिकवायला जातो. नदी कुठून येते, पाणथळ जागा कशाला हवी, असं सगळं. शिकवून किती होतं माहीत नाही, पण घरी येताना रिक्षात दोन-तीन किस्से हमखास असतात. आणि खरं सांगू? छाती फुगते हो!

*

बजाजनगरच्या शाळेत आमच्यातल्या शेख सरांनी चुरगाळलेल्या कागदांवर प्लास्टिक पसरून डोंगर केला. माथ्यावर शाई टाकली, वरून पाण्याचा फवारा मारला. शाई ओघळत थेट पायथ्याच्या वाटीत.

"काय समजलं?"

पाचवीतली सानिया उठली. "सर, वरच्यानं थुंकलं की खालचा पितो!"

पाणलोटाची व्याख्या म्हणून सरांनी हेच फळ्यावर लिहिलं. हेडमास्तर राउंडला आले, वाचलं, म्हणाले, "पुसू नका."

*

दुसऱ्या एका शाळेत मी विचारलं, "आपल्या नळाला पाणी कुठून येतं?"

"पैठणच्या धरणातून!"

"आणि तिथं?"

"नाशिककडून!"

"आणि नाशिकला?"

मागून श्रुती म्हणाली, "मॅडम, तिथं माझी मावशी राहते. विचारून सांगते."

पुढच्या शनिवारी तिनं रिपोर्ट दिला. "मावशीला पण माहीत नव्हतं. मग मीच तिला शिकवलं!"

*

खाम नदीच्या पुलावर पोरं रांगेत उभी होती. खाली काळं पाणी. एकानं नाक दाबून विचारलं, "मॅडम, इसको नदी कायकू बोलते? नाला है ये!"

मी उत्तर जुळवतेय, तोवर शेजारचा अयान त्याच्यावर उखडला. "बीमार है, मरी नै!"

 

*

पैठणला धरणाच्या काठावर पोरांना बसनं पक्षी दाखवायला नेलं होतं. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात. मी आनंदानं ओरडले, "बघा, रोहित आले!"

"कधीच आलोय मॅडम, पहिल्याच सीटवर होतो!" सहावीतला रोहित जाधव म्हणाला.

आता दर हिवाळ्यात तो विचारतो, "आमचे भाऊबंद आले का?"

*

अजिंठ्याच्या बाजूचं एक गाव. ओढ्यावरची दलदल मुरूम टाकून बुजवायची आणि तिथं मंगल कार्यालय बांधायचं, असं ठरत होतं. ग्रामसभेत सातवीतली आरती उभी राहिली. वर्गात कधी तोंड न उघडणारी! टेबलावर तिनं दोन बाटल्या ठेवल्या. एकीत गढूळ पाणी, एकीत नितळ.

"सरपंच काका, आपल्या विहिरीला यातलं कोणतं पाणी पाहिजे?"

सरपंचांनी नितळ बाटली दाखवली.

"ते दलदलीतून गाळून पुढं आलेलं हाय. गढूळ हाय ते दलदलीत शिरायच्या आधीचं. दलदल बुजवली तर विहिरीत हेच जाईल."

सभेत चुळबुळ सुरू झाली. सरपंच हसून मागं बसलेल्या तिच्या वडलांकडं वळले. "काय रामभाऊ, पोरगी तुमचीच ना? अन् मुरूम टाकायचं काम तुमच्याच डंपरला दिलंय की!"

रामभाऊ सावकाश उठले. आरतीनं मान खाली घातली.

"व्हय," ते म्हणाले, "पोरगी माझीच हाय. डंपर दुसऱ्याचा बघा!"